विश्लेषण : विणकराच्या मुलाने कसा घडवला ‘श्रीमंतांचा खेळ’? गोल्फला आजचे रूप देणारे ‘ओल्ड टॉम’ कोण होते?

दर वर्षी जुलै महिन्यात ब्रिटनमधील समुद्रकाठच्या एखाद्या मैदानावर ‘द ओपन’ ही गोल्फमधील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा रंगते. विजेत्याच्या हाती चांदीची सुरई येते. ‘क्लॅरेट जग’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. या सुरईवर कोरलेले पहिले नाव आहे १८७२ चा विजेता टॉम मॉरिस ज्युनियर याचे. त्याच्या वडिलांचे नावही टॉम मॉरिसच. सुरई येण्यापूर्वी त्यांनी ही स्पर्धा चार वेळा जिंकली होती. पण केवळ विजेतेपदांसाठी त्यांची आठवण काढली जात नाही. गोल्फचे चेंडू आणि काठ्या त्यांनी हाताने बनवल्या, मैदाने आखली, गवत राखले आणि खेळाडू म्हणून त्याच मैदानांवर सामने जिंकले. आज कोट्यधीशांचा म्हणून ओळखला जाणारा हा खेळ घडवण्यात आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या एका कामगाराचा मोठा वाटा आहे. ‘ओल्ड टॉम’ यांच्या आयुष्यातून गोल्फची ओळख करून घेऊ.

गोल्फ नेमका कसा खेळतात?

गोल्फचा मूळ नियम अगदी सोपा आहे. जमिनीवर ठेवलेला लहान चेंडू काठीने मारत दूरच्या एका छोट्या खड्ड्यात घालायचा, तोही कमीत कमी फटक्यांत. काठीला ‘क्लब’ आणि खड्ड्याला ‘होल’ म्हणतात. असे १८ होल ओळीने पूर्ण केले, की एक फेरी संपते. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजेता. क्रिकेटमध्ये जास्त धावांना महत्त्व, तर इथे कमी आकड्याला.

प्रत्येक होलसाठी पहिला फटका जिथून मारतात त्या जागेला ‘टी’ म्हणतात. तिथून पुढे आखूड कापलेल्या गवताचा पट्टा असतो, तो ‘फेअरवे’. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेले गवत आणि झुडपे असतात, ती ‘रफ’. वाटेत वाळूचे खड्डे म्हणजे ‘बंकर’ असतात, कुठे ओढे-तळीही असतात. शेवटी गालिच्यासारखी गुळगुळीत हिरवळ लागते. ती ‘ग्रीन’, आणि तिच्यातच होल असतो. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असावे लागते. खेळाडूला १४ पर्यंत क्लब सोबत ठेवता येतात. काही लांब फटक्यांसाठी, काही वाळूतून चेंडू उचलण्यासाठी, तर ‘पटर’ हा ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलण्यासाठी.

प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हावा, याचा एक ठरलेला आकडा असतो. तो ‘पार’. साधारणपणे तो तीन, चार किंवा पाच असतो आणि १८ होलचा एकूण पार बहुतेक ठिकाणी ७० ते ७२ असतो. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. खेळण्याच्या मुख्य पद्धती दोन. ‘स्ट्रोक प्ले’मध्ये सर्व फटक्यांची बेरीज करतात. ‘मॅच प्ले’मध्ये प्रत्येक होल हा स्वतंत्र डाव असतो आणि जास्त होल जिंकणारा सामना जिंकतो. टॉम मॉरिस यांच्या काळात पारचा हिशेब नव्हता आणि बहुतेक सामने दुसऱ्या पद्धतीने, पैजेवर खेळले जात.

विणकराचा मुलगा या खेळात कसा आला?

टॉम मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावी झाला. वडील हातमागावर कापड विणत. यंत्रमाग आल्यावर या धंद्याला उतरती कळा लागली होती. मात्र गावाला लागूनच समुद्रकाठची वाळूमिश्रित, गवताळ, उंचसखल जमीन होती. अशा जमिनीला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. शेतीला ती फारशी उपयोगाची नाही, पण पाणी चटकन मुरते आणि गवत आखूड राहते. सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर कित्येक पिढ्या गोल्फ खेळला जात होता. ही जमीन गावाची होती. तिथे मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालत आणि गावकरी गोल्फही खेळत. लहानपणी टॉम आणि त्यांचे सवंगडी बाटलीच्या बुचात खिळे ठोकून त्याचा चेंडू करत आणि गल्लीतच खेळत, असे सांगितले जाते.

खेळ सर्वांचा असला, तरी सर्वांचे स्थान सारखे नव्हते. जमीनदार, लष्करी अधिकारी आणि बडे व्यापारी क्लबचे सदस्य होऊन खेळत. सेंट अँड्र्यूजमध्ये १७५४ साली अशा २२ जणांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली होती. पुढे ती ‘रॉयल अँड एन्शंट’ या नावाने जगभर गेली. गरीब घरांतली मुले या लोकांच्या काठ्या वाहत. ते ‘कॅडी’. कोणता फटका कुठे मारावा हे कॅडीला मालकापेक्षा अनेकदा जास्त कळे, पण दिवस संपला की मालक क्लबच्या इमारतीत जाई आणि कॅडी बाहेरच राही.

टॉम साधारण चौदाव्या वर्षी ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारीला लागले. रॉबर्टसन हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ गोल्फपटू. पोटापाण्यासाठी ते गोल्फचे चेंडू बनवत. टॉम त्यांच्याकडे आधी उमेदवार आणि नंतर पगारी कारागीर म्हणून राहिले. चेंडू शिवता शिवता ते खेळही शिकले. पुढे दोघांची जोडी पैजेच्या सामन्यांत उतरू लागली. १८४९ मध्ये मसलबरा गावच्या डन बंधूंविरुद्ध ४०० पौंडांची पैज लागली आणि ती या जोडीने जिंकली. या पैजा लावत धनिक मंडळी. खेळाडूंना त्यातून बिदागी मिळे.

एका चेंडूने गुरुशिष्यांत फूट कशी पाडली?

रॉबर्टसन यांच्या दुकानात तयार होणारा चेंडू पिसांचा होता. चामड्याचे तुकडे शिवून लहान पिशवी करायची, उंच टोपी भरेल एवढी उकळलेली पिसे तिच्यात ठासून भरायची आणि तोंड शिवून टाकायचे. वाळताना चामडे आकसते आणि पिसे फुगतात, त्यामुळे चेंडू टणक होतो. काम अतिशय कष्टाचे होते. दिवसभरात एका कारागिराच्या हातून तीन-चार चेंडूच होत. त्यामुळे ते महाग पडत. शिवाय पाण्यात भिजले की उसवत आणि जोरदार फटक्याने फुटतही. चेंडूंच्या या किमतीमुळेच सामान्य माणसाला नीट गोल्फ खेळणे परवडत नव्हते.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला आणि चित्र बदलले. गटापर्चा हा मलाया भागातील झाडांचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, हवा तसा वळवता येतो आणि थंड झाला की कडक होतो. भारतातून स्कॉटलंडला पाठवलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती हा चीक भरलेला होता आणि त्यातूनच सेंट अँड्र्यूजमधील एका विद्यार्थ्याला चेंडूची कल्पना सुचली, अशी कथा गोल्फच्या इतिहासात सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली, तरी नवा चेंडू स्वस्त होता, भिजला तरी बिघडत नव्हता आणि चेपला तर गरम करून पुन्हा गोल करता येत होता.

रॉबर्टसन यांना यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. नव्या चेंडूंना त्यांनी कडाडून विरोध केला. गटापर्चाचे चेंडू मिळतील तिथून आणून ते जाळत, असे सांगतात. अशातच एका सामन्यात टॉम यांच्याजवळचे चेंडू संपले आणि त्यांनी सोबतच्या खेळाडूकडून गटापर्चाचा चेंडू घेतला. ही बातमी रॉबर्टसन यांच्या कानावर गेली. दोघांत शब्दाला शब्द वाढला आणि टॉम दुकानातून बाहेर पडले. पुढे रॉबर्टसन यांनाही नवा चेंडू स्वीकारावा लागला आणि दोघे पुन्हा मैदानात जोडीने खेळलेही. पण एकत्र धंदा संपला तो संपलाच.

नव्या चेंडूचा आणखी एक गुण नंतर लक्षात आला. कोरा गुळगुळीत चेंडू हवेत नीट जात नसे, पण खेळून ओरखडे पडलेला चेंडू लांब आणि सरळ जाई. मग कारागीर हातोडीने मुद्दामच खुणा पाडू लागले. आजच्या चेंडूवरील खळग्यांची सुरुवात अशी झाली. चेंडू स्वस्त झाल्यावर खेळणारे वाढले. खेळणारे वाढल्यावर नवी मैदाने हवी झाली आणि ती आखणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली.

पहिली खुली स्पर्धा कशी सुरू झाली?

१८५१ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक येथे नवा क्लब स्थापन झाला. कर्नल जेम्स ओगिल्वी फेअरली या सदस्याच्या पाठबळामुळे टॉम यांना तिथे नोकरी मिळाली. मैदान आखणे, ते राखणे, चेंडू व क्लब बनवणे, सदस्यांना शिकवणे ही सगळी कामे त्यांच्याकडेच होती. मागील वर्षी, १८५० मध्ये, टॉम आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी यांनी चार वर्षांचा पहिला मुलगा गमावला होता. त्याचे नाव टॉमी होते. १८५१ च्या एप्रिलमध्ये जन्मलेल्या दुसऱ्या मुलाचे नावही त्यांनी टॉमीच ठेवले. या तान्ह्या मुलाला घेऊन ते प्रेस्टविकला गेले.

जागा लहान होती. टॉम यांनी वाळूच्या टेकड्या आणि चढउतार यांचा उपयोग करून तिथे १२ होलचे मैदान बसवले. त्याचा पहिलाच होल ५७८ यार्ड लांब होता. सेंट अँड्र्यूजमध्ये १७६४ पासून फेरी १८ होलची होती, पण इतरत्र जागा असेल तितके होल असत. सेंट अँड्र्यूजचा आकडा सर्वमान्य व्हायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

१८५९ मध्ये रॉबर्टसन यांचे निधन झाले. आता सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा प्रश्न उरला. तो सोडवण्यासाठी प्रेस्टविकच्या सदस्यांनी स्पर्धा घ्यायचे ठरवले. इतर क्लबांना पत्रे पाठवून चांगल्या वर्तणुकीचे कॅडी पाठवण्याची विनंती करण्यात आली. व्यावसायिक खेळाडूंकडे तेव्हा कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे त्यावरून लक्षात येते. १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ जण खेळले. एका दिवसात १२ होलच्या तीन फेऱ्या झाल्या. मसलबराचे विली पार्क १७४ फटक्यांत पहिले आले आणि टॉम १७६ फटक्यांत दुसरे. बक्षीस होते लाल चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा. रोख रक्कम काहीच नव्हती.

पुढच्या वर्षीपासून स्पर्धा हौशी खेळाडूंसह सर्वांसाठी खुली झाली. म्हणूनच तिचे नाव ‘ओपन’. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ मध्ये टॉम मॉरिस विजेते ठरले. १८६२ चा विजय १३ फटक्यांच्या फरकाने होता. ‘ओपन’मधील हा सर्वांत मोठा फरक अजूनही कायम आहे. चार मोठ्या स्पर्धांपैकी कोणत्याही स्पर्धेत तो मोडायला २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी टायगर वुड्सने अमेरिकन ओपन १५ फटक्यांनी जिंकली. विजेत्याला रोख रक्कम प्रथम मिळाली ती १८६४ मध्ये. टॉम यांना सहा पौंड मिळाले.

वडील आणि मुलगा यांचा विक्रम काय?

१८६७ मध्ये चौथ्यांदा जिंकताना टॉम ४६ वर्षांचे होते. ‘ओपन’ जिंकणारे सर्वांत वयस्क खेळाडू आजही तेच आहेत. पुढच्याच वर्षी सर्वांत तरुण विजेता ठरला तो त्यांचा १७ वर्षांचा मुलगा टॉमी. दुसऱ्या क्रमांकावर वडीलच होते. हे दोन्ही विक्रम दीडशेहून अधिक वर्षे एकाच घरात आहेत. वडील ‘ओल्ड टॉम’ आणि मुलगा ‘यंग टॉम’ ही नावे तेव्हापासून रूढ झाली.

१८६९ मध्ये पुन्हा मुलगाच पहिला. त्या स्पर्धेत टॉमीने एका होलमध्ये पहिल्याच फटक्यात चेंडू घातला. ‘होल-इन-वन’ची स्पर्धेतील ही पहिली नोंद. १८७० मध्ये त्याने तीन फेऱ्या १४९ फटक्यांत संपवल्या. ५७८ यार्डांचा पहिला होल त्याने अवघ्या तीन फटक्यांत पूर्ण केला होता. सलग तीनदा जिंकणाऱ्याला पट्टा कायमचा मिळणार, असा नियम होता. त्यामुळे पट्टा टॉमीकडे गेला आणि द्यायला बक्षीसच न उरल्याने १८७१ मध्ये स्पर्धा झाली नाही. १८७२ मध्ये तीन क्लबांनी मिळून नव्या बक्षिसाची सोय केली. तीच ही चांदीची सुरई. ती वेळेत तयार झाली नाही, पण त्या वर्षीचा विजेता म्हणून टॉमीचे नाव तिच्यावर पहिले कोरले गेले.

बापलेकांचा खेळ वेगळा होता, तसा स्वभावही. वडील धिम्या चालीचे, धार्मिक आणि क्लबच्या सदस्यांशी अदबीने वागणारे. जवळच्या अंतरावरून चेंडू होलमध्ये घालताना मात्र त्यांचा हात कापे आणि त्यावरून थट्टाही होई. मुलगा धडाडीचा. चांगले शिक्षण मिळालेला टॉमी स्वतःच्या खेळाचे मोल ठरवून घेई आणि खेळून मिळालेल्या पैशांवर जगे. चेंडू शिवणे, काठ्या वाहणे ही कामे न करता केवळ खेळावर जगणारी पिढी त्याच्यापासून सुरू झाली, असे म्हणता येईल.

मैदान राखण्याचे शास्त्र कसे तयार झाले?

१८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजने आपल्या माणसाला परत बोलावले. रॉयल अँड एन्शंट क्लबने टॉम यांना मैदानाचे रक्षक म्हणून नेमले. पगार वर्षाला ५० पौंड आणि मैदानाच्या खर्चाला २० पौंड. कामाची साधने म्हणून एक ढकलगाडी, एक कुदळ आणि एक फावडे देण्यात आले. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक गडी मिळणार होता.

मैदानाची अवस्था बिकट होती. खेळणाऱ्यांची गर्दी वाढली होती. पुढच्या होलसाठी पहिला फटका आधीच्या होलच्या अगदी जवळूनच मारायचा, अशी तेव्हा रीत होती. चेंडू उंचावर ठेवण्यासाठी खेळाडू होलमधलीच चिमूटभर वाळू काढत. त्यामुळे होल खोल आणि वेडेवाकडे होत, भोवतालचे गवत तुडवले जाई. टॉम यांनी पहिला फटका मारण्याच्या जागा ग्रीनपासून वेगळ्या केल्या. काटेरी झुडपे काढून वाट रुंद केली, जाणारे आणि येणारे खेळाडू एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून ग्रीन मोठे केले. पहिल्या आणि अठराव्या होलसाठी नवे ग्रीन तयार केले. होलच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात धातूचे कडे बसवण्याची पद्धतही याच काळात आली. होलचे सव्वाचार इंचाचे माप रॉयल अँड एन्शंटने १८९१ मध्ये ठरवून दिले.

त्यांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे वाळू. प्रेस्टविकला असताना ग्रीनवर चुकून वाळूची ढकलगाडी सांडली आणि काही दिवसांनी तिथेच गवत अधिक दाट आले, असे सांगतात. पुढे गवतावर वाळूचा पातळ थर पसरणे हे त्यांचे नेहमीचे काम झाले. वाळू बारीक खळगे भरते, पाणी मुरू देते आणि गवताला नवे फुटवे येतात. त्यातून पृष्ठभाग सपाट होतो आणि चेंडू सरळ घरंगळतो. जगभरातील गोल्फ मैदानांवर आजही हेच केले जाते.

मैदानाला माणसाप्रमाणेच विश्रांती हवी, यावर ते ठाम होते. रविवारी सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ बंद ठेवण्याची प्रथा मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता आजही पाळली जाते. त्या दिवशी गावकरी तिथे फिरायला येतात.

या कामामुळे त्यांना ठिकठिकाणाहून बोलावणी येऊ लागली. स्कॉटलंडमधील रॉयल डॉर्नॉक, मॅक्रिहानिश आणि मुरफील्ड, उत्तर आयर्लंडमधील रॉयल काउंटी डाउन, आयर्लंडमधील लाहिंच अशा अनेक मैदानांची आखणी किंवा फेरआखणी त्यांनी केली. ते जागेवर चालत जात, जमिनीचा नैसर्गिक उतार पाहत आणि टी व ग्रीनच्या जागी खुणा रोवत. माती हलवायला यंत्रे नव्हती, त्यामुळे जमीन आहे तशी वापरणे भाग होते. या कामाचा मोबदला दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च एवढाच असे.

१८७५ मध्ये काय घडले?

४ सप्टेंबर १८७५ रोजी बापलेक नॉर्थ बेरिक येथे विली आणि मंगो या पार्क बंधूंविरुद्ध खेळत होते. टॉमीची पत्नी मार्गारेट दिवस भरल्याने सेंट अँड्र्यूजच्या घरी होती. सामन्याचे थोडेच होल उरले असताना तार आली. मार्गारेटचे बाळंतपण अडले होते. दोघांनी उरलेले होल खेळून सामना जिंकला आणि घराकडे धाव घेतली. रेल्वेने मोठा वळसा पडला असता. एका ओळखीच्या गृहस्थाने आपली शिडाची बोट दिली आणि ते फर्थ ऑफ फोर्थची खाडी ओलांडून निघाले. ते पोहोचण्याआधीच मार्गारेट आणि बाळ दोघेही दगावले होते.

टॉमी त्यातून सावरला नाही. मित्रांच्या आग्रहामुळे तो अधूनमधून खेळला. हिवाळ्यात बर्फ पडलेल्या मैदानावर एक लांबलेला सामना खेळून त्याने जिंकलाही. पण २५ डिसेंबर १८७५ रोजी, नाताळच्या सकाळी, तो अंथरुणात मृतावस्थेत सापडला. फुप्फुसातील रक्तवाहिनी फुटून त्याचा मृत्यू झाला होता. वय अवघे २४. पुढे ६० गोल्फ क्लबांच्या वर्गणीतून सेंट अँड्र्यूजच्या कॅथेड्रलमधील दफनभूमीत त्याचे स्मारक उभारण्यात आले.

टॉम तेव्हा ५४ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, त्यांच्या पत्नी नॅन्सी गेल्या. धाकटा मुलगा जॉन जन्मापासून पायांनी अधू होता. तो दुकानात बसून क्लब बनवण्याचे काम करी. १८९३ मध्ये तोही गेला. मुलगी एलिझाबेथ १८९८ मध्ये आणि उरलेला मुलगा जेम्स १९०६ मध्ये वारला. पत्नी आणि पाचही अपत्ये डोळ्यांदेखत गेली. या सगळ्या काळात मैदानावरचे त्यांचे काम मात्र थांबले नाही. सत्तरी ओलांडल्यावरही ते ‘ओपन’मध्ये खेळायला उतरत होते.

अखेरच्या काळात त्यांना मान मिळाला का?

टॉम १९०३ पर्यंत मैदानाचे रक्षक राहिले. तोवर ते गावाची ओळख बनले होते. पांढरी दाढी, हातात पाईप, कोटाच्या खिशात हात घालून अठराव्या ग्रीनजवळच्या दुकानासमोर उभे असलेले वृद्ध टॉम पाहायला दूरदूरून लोक येत. निवृत्तीनंतर क्लबने त्यांचा पगार चालू ठेवला. चित्रकार सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्यांचे तैलचित्र काढून घेण्यात आले आणि ते क्लबच्या इमारतीत लावले गेले. त्या इमारतीत टॉम यांच्यासारख्या व्यावसायिक खेळाडूंना बरोबरीच्या नात्याने प्रवेश नव्हता. मान मिळाला, पण तो आदरणीय सेवकाचा. व्यावसायिक खेळाडूंना क्लबच्या इमारतीची दारे मोकळी व्हायला पुढची काही दशके जावी लागली.

२४ मे १९०८ रोजी सेंट अँड्र्यूजमधील न्यू गोल्फ क्लबमध्ये जिन्यावरून पडून टॉम मॉरिस यांचा मृत्यू झाला. सत्याऐंशीवा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. कॅथेड्रलच्या त्याच दफनभूमीत टॉमीजवळ त्यांना पुरण्यात आले. ओल्ड कोर्सच्या अठराव्या होलला आज ‘टॉम मॉरिस’ हे नाव आहे.

मग गोल्फ श्रीमंतांचा खेळ कसा झाला? भारतात काय चित्र?

सेंट अँड्र्यूजची जमीन आजही सार्वजनिक आहे आणि पैसे भरून किंवा सोडतीत नाव लागल्यास बाहेरचा सामान्य खेळाडूही तिथे खेळू शकतो. पण स्कॉटलंडबाहेर हा खेळ बहुतांशी खासगी क्लबांमधून पसरला. समुद्रकाठची आयती गवताळ जमीन सगळीकडे नव्हती. एका मैदानाला मोठी जागा, भरपूर पाणी आणि रोजची निगा लागते. हा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवायचा, म्हणजे वर्गणी मोठी आणि दार अरुंद.

भारतात गोल्फ आला तो ब्रिटिशांबरोबर. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. त्या वेळी टॉम मॉरिस आठ वर्षांचे होते. इथेही खेळणारे साहेब आणि काठ्या वाहणारे स्थानिक, अशीच वाटणी होती आणि इथेही कॅडींच्या वस्तीतूनच खेळाडू पुढे आले. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. रॉयल कलकत्ता क्लबमध्ये गवताची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया याने २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली. पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये त्याने इंडियन ओपनही सलग दोनदा पटकावली.

मैदान राखणाऱ्याचा मुलगा विजेता होतो, ही गोष्ट प्रेस्टविकला १८६८ मध्ये पहिल्यांदा घडली होती. दूरचित्रवाणीवर गोल्फ पाहताना कॅमेरा चेंडूमागे धावतो, बक्षिसाचे आकडे झळकतात. त्या चेंडूखालची हिरवळ भल्या पहाटे उठून कुणीतरी कापलेली असते, तिच्यावर वाळूचा थर पसरलेला असतो आणि होल नव्याने नीट कोरलेला असतो. ओल्ड टॉम यांचे मूळ काम हेच होते.